बाण

दुपारपासून बाण माझ्या मागून चालतोय.
मी हात उजवीकडे नेते.
तो आधी विचार करतो,
मग निघतो, वाटेत अडखळतो,
आणि पोचतो तेव्हा
माझा हात परत फिरलेला असतो.

सातपूर, अशोकनगर. निकुंभ फ्लेक्स.
शटर अर्धं खाली,
कारण निफाडकडची थंडी सरळ आत येऊन टेबलावर बसते.
समोर स्टुलावर पगारेंचा मुलगा,
कंपनीचा निळा शर्ट तसाच, मांडीवर हेल्मेट.
सहा बाय चार. उद्या सकाळी नऊला पुण्यानुमोदन.
'कालकथित गयाबाई' एवढं टाइप झालंय.
फोटो एकच आहे, कुणाच्या तरी हळदीतला.

आधी सेल बदलला,
भिंतीवरच्या घड्याळातला काढून.
घड्याळ सात दहाला थांबलं,
बाण होता तसाच.
मग माउस उताणा केला, लाल डोळ्यात फुंकर मारली.
एक केस निघाला, माझाच,
आणि चिवड्यातली अर्धी मोहरी.
मग वाटलं, टेबलाची काच असेल.
फसलेल्या छपाईतली एक लग्नपत्रिका पालथी ठेवली,
तिच्या कोऱ्या पाठीवर माउस फिरवला.
वधूवरांनीही काही मदत केली नाही.
बंद केला, चालू केला.
सगळ्या खिडक्या मिटल्या, मागे चाललेलं अपडेट मारलं.
शेठना फोन केला. शेठ म्हणाले, आपट जरा.
आपटला.

एरवी चेहरा कापून काढायला मला चार मिनिटं लागतात.
वाढदिवसाच्या बोर्डावरचे चौदा कार्यकर्ते
मी जेवणाच्या सुट्टीआधी सोलून ठेवते,
नाव एकाचंही आठवत नाही.
आज गयाबाईंच्या केसांपासून कानापर्यंत यायला
अख्खी संध्याकाळ गेली.
एक ठिपका, थांब. दुसरा ठिपका, थांब.
मग खांदा आला
आणि खांद्यावर हात.
चार बोटं, हिरव्या बांगडीचा तुकडा,
नखांत तंबाखूचा पिवळा.
बाकीचं माणूस फोटोच्या बाहेर.

कोणाचा हो हा?

मावशीचा, तो म्हणाला.
सिन्नरला दोघी एकाच सुपावर विड्या वळायच्या.
मग म्हणाला, काढून टाका ना तो,
बोर्डावर कसा दिसेल.

काढते, म्हटलं, आधी हा उंदीर चालू दे.
आणि टेबलाखाली शिरले.
तिथे वायरींचं जंगल, गेल्या पावसातला चिखल,
आणि सीपीयूच्या पाठीत
माउसचा तो नखाएवढा रिसीव्हर,
शेठच्या मोठ्या हार्डडिस्कला अगदी खेटून.
डिस्क गुरगुरत होती. दहा वर्षांचे सगळे चेहरे तिच्या पोटात.
तिच्या कलकलाटात याला माझा हात ऐकूच येत नसणार.
रिसीव्हर उपटला.
एमजी रोडवरून आणलेली चाळीस रुपयांची जोडवायर
ड्रॉवरमध्ये पडून होती, तिच्या टोकाला लावून
वर आणला, टेबलावर, माउसच्या शेजारी.

बाण सुटला.
मी बोट हलवायच्या आत तिथे,
इतका हलका की मी दोनदा चुकले.

मावशीची बोटं मी घेरली. एक, दोन, तीन, चार.
आता फक्त एक बटण.

थांबा, तो म्हणाला.

मी थांबले.
हेल्मेटची काच तो वरखाली करत होता.
मालेगावहून निघालीये ती, म्हणाला, रात्री पोचेल.
पुढे काही बोलेना.
बाहेर शेवटची सिटीबस रिकामी वळली.
बाण पडद्यावर लुकलुकत उभा,
आता त्याला कसलीच अडचण नव्हती.

राहू द्या, तो म्हणाला.

मी ती चार बोटं सोडली,
बांगडीची कड जरा साफ केली, धारेला मऊ केलं.
मशीनला लावलं. शाई वाळेपर्यंत
तो घड्याळाकडे बघत बसला.
मी म्हटलं, ते बंद आहे,
त्यातला सेल मी घेतलाय.